निलंबित माणसाने मागून बोलू नये

ड्रायव्हिंग लायसन्स आपल्याकडे गाडी चालवण्याखेरीज बाकी सगळ्या कामांना लागतं. लॉजमध्ये खोली घेताना ते काउंटरवर ठेवावं लागतं. विमानतळाच्या दारातला जवान ते आपल्या चेहऱ्याशी ताडून बघतो आणि दोन्हींपैकी कशावर विश्वास ठेवावा या विचारात क्षणभर पडतो. मतदानाला गेल्यावर ओळखपत्र घरी राहिलंय असं लक्षात आलं, तर लायसन्स चालतं. बँकेत, पोस्टात, कुरिअरवाल्यापुढे आपण ते हौसेने काढतो. फक्त रस्त्यावर, जिथे ते दाखवण्यासाठीच दिलेलं असतं, तिथे कुणी मागितलं की आपलं तोंड वाकडं होतं. ‘आधार दाखवा’ म्हटलं तर आपण निमूट दाखवतो. ‘लायसन्स दाखवा’ म्हटलं की आधी विचारतो, ‘‘का? काय झालं?’’

आपल्या समजुतीप्रमाणे लायसन्स म्हणजे गाडी येत असल्याचा दाखला, आणि गाडी तर आपल्याला येतेच. सरकारच्या लेखी ती परवानगी आहे, आणि दिलेली परवानगी परत घेता येते. हा मतभेद वर्षानुवर्षं सुखाने नांदतो, कारण एकदा ते कार्ड हाती पडलं की सरकार पुन्हा चौकशीला येत नाही. सप्तपदीसारखंच आहे ते. घाईघाईत, भटजी म्हणतील ते म्हणत सात पावलं टाकायची. पुढे पन्नास वर्षं संसार होतो, पण तिसऱ्या पावलाला काय कबूल केलं होतं हे कुणी विचारत नाही. विचारलं तर भल्याभल्यांचे संसार अडचणीत येतील.

नूतनीकरणाच्या वेळी तरी विचारतील म्हणावं, तर तेही नाही. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतरचा हिशेब असा, की तिशीच्या आत काढलेलं लायसन्स चाळिशीपर्यंत चालतं, तीस ते पन्नास या वयात काढलेलं दहा वर्षं, आणि पंचावन्न उलटले की पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यायचं. चाळिशीनंतर डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. त्या नमुन्यात एक प्रश्न आहे : चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का? आता २१४ ला वेलांट्या-मुरकी देऊन ‘राम’ केलेली पाटी २५ सेंटीमीटरवरूनही वाचता येत नाही, पण तो दोष डोळ्यांचा धरत नाहीत. डोळे विचारतात, कान विचारतात, फिट येते का विचारतात. नियम आठवतात का, एवढंच विचारत नाहीत. मुदत संपून वर्ष उलटू दिलं नाही, तर ज्याने ऐंशीच्या दशकात लुनावर आठचा आकडा काढून लायसन्स मिळवलं, तो तेवढ्या पुण्याईवर आज सात माणसांची गाडी समृद्धी महामार्गावर नेऊ शकतो. मधे कधीतरी चारचाकीची चाचणी दिली की झालं.

या आयुष्यात कुणीतरी आपल्याला दुसऱ्यांदा शाळेत बसवावं अशी इच्छा असेल, तर सर्वसामान्य माणसाला एक मार्ग मोकळा आहे. लायसन्स निलंबित करून घ्यायचं. आमच्या नानामामांनी तो पत्करला.

नानामामा तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. गौण खनिजाचा दंड, बिनशेती साऱ्याची थकबाकी, गायरानावरचं अतिक्रमण अशा विषयांवर त्यांनी जन्मभर लोकांना नोटिसा काढल्या. निवृत्तीनंतर कचेरी सुटली, मसुदा सुटला नाही. किराण्याच्या यादीखाली तारीख आणि सही असते. मामी माहेरी निघाल्या की फ्रिजवर त्यांच्यासाठी सूचना लागते, ‘विषय : दूध बंद करणेबाबत.’ असा माणूस नियम मोडील हे कुणाला खरं वाटलं नसतं. आमच्या नाशिकमध्ये २०२१ च्या १५ ऑगस्टला ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ ही मोहीम सुरू झाली, तेव्हा पंपावर एकमेकांची हेल्मेटं उसनी घेऊन टाकी भरणारे सज्जन मी पाहिलेत. मामा त्यांतले नव्हते. त्यांचं स्वतःचं हेल्मेट होतं, आयएसआय छापाचं, आणि त्याचा पट्टा ते हनुवटीखाली कट्‌कन आवाज येईपर्यंत लावत.

त्या हेल्मेटनेच घात केला. गाल आणि हेल्मेटचं अस्तर यांच्या फटीत मोबाईल खालून वर सरकवला की तो अडकून बसतो. मान थोडी डावीकडे कलती ठेवावी लागते, आवाज वाऱ्याच्या वर काढावा लागतो. पण दोन्ही हात हँडलवर मोकळे राहतात. ही युक्ती कुठल्या कंपनीने काढलेली नाही. ती जनतेने शोधली आणि कुणी पेटंट न घेता एकमेकांना वाटली. मामा एका सकाळी गंगापूर रोडने असेच कलत्या मानेने बोलत चालले असताना चौकातल्या पोलिसाने त्यांचा फोटो घेतला. ई-चलानवरचा तो फोटो मी पाहिला आहे. मामा त्यात इतके प्रसन्न दिसतात, की मामी म्हणाल्या, ‘‘एकसष्टीला फोटोग्राफर एवढा जीव तोडून सांगत होता, तेव्हा असं हसला नाहीत!’’

चलान भरलं की सुटलो, असं मामांना वाटलं होतं. पण गाडी चालवताना हातात धरलेला फोन हा २०१९ पासून धोकादायक वाहन चालवण्याच्या कलमात, म्हणजे १८४ मध्ये, नाव घालून आलेला गुन्हा आहे. आणि त्या कलमाखाली सापडलेल्याचं लायसन्स पोलिसांना पुढे पाठवता येतं. त्याच्याही आधी, २०१५ साली, सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने राज्यांना बजावलं होतं, की भरधाव जाणं, सिग्नल तोडणं, मालगाडीत जादा भार किंवा माणसं भरणं, दारू पिऊन चालवणं आणि चालवताना फोनवर बोलणं यांना नुसता दंड पुरेसा नाही. लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा. पुढे बिनहेल्मेटचं जाणं आणि दुचाकीवर तिघांनी बसणं हेही तीन महिन्यांच्या पंगतीत आलं. यथावकाश मामांच्या घरी प्रादेशिक परिवहन कार्यालयाची कारणे दाखवा नोटीस आली.

मामांनी ती दोनदा वाचली. घरात सगळे गप्प. मग चष्मा काढून ते म्हणाले, ‘‘मसुदा चांगला आहे.’’ जावक क्रमांक जागेवर होता, कलमं बरोबर होती, ‘म्हणणे मांडण्याची संधी’ हे शब्द होते. ज्याने जन्मभर नोटिसा लिहिल्या त्याला पहिल्यांदाच एक नोटीस स्वतःच्या नावावर आली होती, आणि तिची भाषा शुद्ध होती याचं समाधान त्यांना दंडाच्या दुःखापेक्षा मोठं होतं.

खुलासा त्यांनी चार पानांचा लिहिला. संदर्भ एक, संदर्भ दोन, संदर्भ तीन. मुख्य मुद्दा असा, की कायद्याला हातात धरलेला फोन अभिप्रेत आहे. प्रस्तुत प्रकरणी फोन हाताने धरलेला नसून हेल्मेटने धरलेला होता, सबब अर्जदार दोषी ठरत नाही. सुनावणीला मी बरोबर गेलो होतो. समोरच्या अधिकारी बाई मामांच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी चारही पानं वाचली. चारही पानं वाचणारा अधिकारी मामांनी नोकरीत फार वेळा पाहिला नव्हता. मग त्या म्हणाल्या, ‘‘काका, म्हणजे हेल्मेटला दोषी धरायचं का?’’

मामा काही बोलले नाहीत.

‘‘फोनवर होतं कोण?’’

‘‘कर्जवाले. गाडीसाठी कर्ज मंजूर झालंय म्हणत होते.’’

‘‘घेतलंत?’’

‘‘नाही.’’

‘‘बरं केलंत. आता तीन महिने गाडी चालवायची नाही.’’

त्या आदेशावर तीस दिवसांत अपील करता येतं. मामांनी ती तरतूद आदरपूर्वक वाचली आणि सोडून दिली. महसुलातली अपिलं त्यांनी पाहिलेली. आजोबाने दाखल केलेल्या अपिलाची निकालपत्रं नातवांच्या हातात ठेवताना त्यांचे स्वतःचे केस पांढरे झाले होते. तीन महिन्यांची शिक्षा टाळायला अपिलात जाण्याइतके ते भोळे नव्हते. शिवाय पहिल्या खेपेला निलंबन असतं. दुसऱ्यांदा तसंच सापडलं तर लायसन्स रद्द होतं, वर नावही जाहीर करता येतं. हा फरक मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला आपल्या भाषेत समजावत. ‘‘निलंबित माणूस कामावर परत येतो, बडतर्फ येत नाही. फक्त इथे निर्वाह भत्ता मिळत नाही.’’

पूर्वी अशा वेळी कामाला येणारी एक पळवाट होती. लायसन्स म्हणजे फोटो चिकटवलेलं छोटं पुस्तक असायचं त्या काळात एका जिल्ह्यातलं जप्त झालं, तर दुसऱ्या जिल्ह्यातल्या मेव्हण्याच्या पत्त्यावर दुसरं निघायचं. एका माणसाने एकच लायसन्स बाळगावं हे कायद्यात तेव्हाही होतं, पण एका कचेरीचं दप्तर दुसऱ्या कचेरीला दिसत नव्हतं. आता देशभरच्या लायसन्सांचा हिशेब ‘सारथी’ नावाच्या एकाच प्रणालीत आहे. मामांच्या नावापुढे तिथे निलंबनाची नोंद लागली, आणि गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत कुठल्याही टेबलावर ती दिसणार होती. ‘‘एवढी प्रसिद्धी बदलीच्या वेळीही मिळाली नव्हती,’’ मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून स्कूटर मामींच्या ताब्यात गेली. मामींकडे लायसन्स होतं, पण मामा घरात असताना चालवायची पाळी येत नसे. आता मामी पुढे आणि मामा मागे. मागच्यालाही हेल्मेट लागतंच, त्यामुळे ते तरी कामी आलं. पहिल्याच फेरीत मामांनी निघाल्यापासून सूचना सुरू केल्या. ‘‘डावीकडे घे. अगं, डावीकडे म्हणजे एवढं नाही. तो रिक्षावाला वळणार. हॉर्न दे. हॉर्न दे!’’ द्वारका चौकात मामींनी गाडी सिग्नलला उभी केली, काच वर केली आणि मान न वळवता म्हणाल्या, ‘‘निलंबित माणसाने मागून बोलू नये.’’

शेजारच्या स्कूटरवरची दोन अनोळखी माणसंही गप्प झाली.

त्यानंतर मामा बोलले नाहीत, पण माणसाचा स्वभाव कुठे जातो? ते खोकू लागले. गतिरोधक असेल तर एकदा, बस असेल तर दोनदा, आणि गाय आडवी आली तर लांबलचक. मामींना आधी काळजी वाटली, त्यांनी सितोपलादि चूर्ण सुरू केलं. मग लक्षात आलं. उजवा पाय मात्र शेवटपर्यंत ऐकला नाही. स्कूटरचा मागचा ब्रेक डाव्या हाताला असतो आणि मागे बसणाऱ्याच्या पायाखाली तर काहीच नसतं. तरी पुढच्या गाडीचा लाल दिवा लागला, की मामांचा उजवा पंजा पायटेकणीवर घट्ट दाबला जायचा. सगळी जुनी चेतकवाली मंडळी अशीच मरेपर्यंत उजव्या पायाने ब्रेक दाबत राहणार.

मागे बसून मामांना एक गोष्ट नव्याने कळली. मामींच्या हाती गाडी असली, की तिला हॉर्न आहे हे समजतच नाही. त्या वाजवत नाहीत, थांबतात. मामांनी पुष्कळ विचार करून हा अनुभव मला सांगितला. त्यात कौतुक होतं की तक्रार, ते मला अजून उलगडलेलं नाही.

खरी परीक्षा लांबच्या रस्त्यावर नव्हती, ती गल्लीत होती. कोपऱ्यावरून दूध आणणं, गिरणीत दळण टाकणं, नातवाला बसथांब्यावर सोडणं ही कामं आपल्या हिशेबात गाडी चालवण्यात धरलीच जात नाहीत. आपल्या मते मोटार वाहन कायदा मुख्य रस्त्यापासून सुरू होतो. गंमत अशी, की मामांना ही सवलत देऊ करणारे सगळे वैध लायसन्सवाले होते. ‘‘काका, घ्या हो गाडी, इथल्या इथे तर जायचंय. कोण बघतंय?’’ तळमजल्यावरच्या इंजिनीअरने तर गाडीची किल्ली हातात ठेवली. मामांनी त्याला कलम १८२ ऐकवलं. लायसन्स निलंबित असताना गाडी चालवली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. मग भिंग लावून वाचलेलं विम्याच्या पॉलिसीतलं वाक्यही ऐकवलं, की चालवणाऱ्याकडे चालू लायसन्स हवं आणि तो अपात्र ठरवलेला नसावा. इंजिनीअरने पाच वर्षं हप्ते भरले होते. असं वाक्य पॉलिसीत आहे हे त्याला त्या दिवशी कळलं. मामा दळणाचा डबा खांद्यावर घेऊन चालत गिरणीत गेले.

तीन महिने संपले की लायसन्स आपोआप परत येतं, असा आणखी एक समज आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्यावर पाणी ओतलं. निलंबनाची मुदत संपली तरी उजळणीचं प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय ते हातात पडत नाही. तेही परवानाधारक प्रशिक्षण संस्थेत घ्यावं लागतं. म्हणून मामा वयाच्या सासष्टाव्या वर्षी वही-पेन घेऊन एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या वर्गात जाऊन बसले. पहिल्या बाकावर.

त्या वर्गाची हकिगत मी त्यांच्याकडून इतक्या वेळा ऐकली आहे, की मी तिथे नव्हतो यावर माझाच विश्वास बसत नाही. पाठीवर जेवणाची पेटी वागवणारा एक पोरगा होता. उशीर झाला तर ग्राहक तारे कमी देतो आणि लवकर पोचायचं तर सिग्नल आडवा येतो, अशा कात्रीत सापडलेला. वेगाच्या कॅमेऱ्यात सापडलेला एक संगणकवाला होता, जो वर्ग चालू असताना बाकाखाली कुठल्या तरी मीटिंगला हजर होता. आणि एक टेम्पोवाला होता. मालाच्या टेम्पोत त्याने वऱ्हाड नेलं होतं. ‘‘नवरदेव पुढं माझ्याशेजारी होता साहेब, तो कायदेशीर होता,’’ असं त्याचं म्हणणं. मामांना हा युक्तिवाद ओळखीचा वाटला.

गुरुजींनी फळ्यावर एक गणित घातलं. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात किती अंतर जाते? मामांनी मांडून दाखवलं : १६ मीटर आणि वर थोडं. फोन वाजला म्हणून खाली बघायला तीन सेकंद धरले तर ५० मीटर. गुरुजी म्हणाले, ‘‘म्हणजे अर्ध्या फुटबॉलच्या मैदानाएवढं अंतर तुम्ही डोळे मिटून गेलात.’’ वर्गाने मान डोलावली. टेम्पोवाला मात्र हसला. म्हणाला, ‘‘त्यात कांदा भरलेला असला की मग बघा. ब्रेक पायात नसतो साहेब, पुढच्या मोकळ्या जागेत असतो. जागा ठेवली तर ब्रेक आहे, नाहीतर नाही.’’ गुरुजींनी ते वाक्य फळ्यावर लिहून घेतलं. मामांनी वहीत उतरवलं, आणि सवयीने खाली तारीख घातली.

याच टेम्पोवाल्यामुळे मामांच्या त्या तीन महिन्यांना वेगळा रंग आला. कायद्याने दोघांना एकच शिक्षा दिली होती. पण मामांना पेन्शन होतं आणि पुढे बसायला मामी होत्या. टेम्पोवर बँकेचा हप्ता होता. लायसन्स निलंबित होतं, हप्ता होत नाही. तीन महिने तो पंचवटीच्या मार्केट यार्डात हमाली करत होता. दुसऱ्याच्या टेम्पोत गोणी चढवायच्या आणि तो टेम्पो फाटकातून बाहेर पडताना बघत राहायचं. ‘‘तोडाफोडीनं गिअर टाकत्यात साहेब,’’ तो मामांना म्हणाला, ‘‘आवाज ऐकून जीव खालीवर होतो.’’ मामींचं चालवणं मागून बघताना आपली काय अवस्था होते ते मामांना आठवलं; पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. त्याचा परत मिळवायचा अर्ज मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिला. समास सोडून, विषय अधोरेखित करून. टेम्पोवाल्याने तो वाचून विचारलं, ‘‘माझंच आहे ना हे? लई मोठा माणूस वाटतोय.’’

त्याच सुमाराला मामांचा मुलगा जर्मनीत परीक्षेला बसला होता. सातपूरच्या कारखान्यात काम करून श्टुटगार्टकडे गेलेल्या नाशिककरांपैकी तो एक. तिथे स्थायिक झाल्यावर आपलं लायसन्स सहा महिने चालतं, मग लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा पुन्हा द्याव्या लागतात. रविवारी व्हिडिओ कॉलवर बाप-लेक एकमेकांना चिन्हं दाखवून अर्थ विचारत. मुलाने सांगितलं, की तिकडे चुकांचे गुण साठवतात. आठ झाले की लायसन्स जातं, आणि मग परत मिळवायला बहुतेक वेळा मानसशास्त्रज्ञापुढे बसावं लागतं. लोक त्या तपासणीला सरळ मूर्खांची परीक्षा म्हणतात. ‘‘तो काय विचारतो?’’ मामा म्हणाले. ‘‘असं का वागलात आणि पुढे तसं वागणार नाही कशावरून, हे.’’ मामा विचारात पडले. मग म्हणाले, ‘‘चार पानांत बसणार नाही.’’

ब्रिटनने या बाबतीत जगाला फार वर्षांपूर्वी एक धडा घालून दिला आहे. तिथे १९०४ च्या पहिल्या तारखेपासून लायसन्स सक्तीचं झालं, पण परीक्षा नव्हती. पाच शिलिंग द्या आणि घ्या. परीक्षा सक्तीची व्हायला १९३५ चा जून उजाडला, आणि तीही १९३४ च्या एप्रिलपासून चालवायला लागलेल्यांनाच. आधीचे सगळे सुटले. आपल्याकडे १९१४ चा कायदा झाला, मग १९३९ चा, मग १९८८ चा, जो १ जुलै १९८९ पासून लागू आहे. कायदे पुढे जातात, आणि ‘आधीचे’ आपापल्या गाड्या घेऊन त्यांच्या मागून येत राहतात. आज मी आणि माझ्या वयाची सगळी मंडळी ‘आधीची’ आहोत. ‘मोटार वाहन चालन विनियम’ २०१७ साली नव्याने आले, हे आमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर त्याचं लायसन्स कधीतरी निलंबित झालं होतं असं खुशाल समजावं.

मामांचं लायसन्स यथाकाल परत मिळालं. प्रमाणपत्र, आदेशाची प्रत, अर्ज. खिडकीतल्या बाईंनी संगणकावर नोंद बदलली आणि टाचणी लावलेल्या पाकिटातून ते कार्ड काढून पुढे केलं. मामांनी पोच दिली. पाकीट परत घेतलं आणि टाचणी बाईंना परत केली. ती सरकारी होती. बाहेर झाडाखाली खुर्च्या टाकून बसलेल्यांपैकी एकाने विचारलं, ‘‘काका, काही काम होतं का?’’ ‘‘झालं,’’ मामा म्हणाले. तो अविश्वासाने बघत राहिला.

त्या दिवसापासून आमच्या सोसायटीत मामांइतका ताजा ड्रायव्हर दुसरा नाही. बाकीचे सगळे वैध आहेत, मामा शिकलेले आहेत. गणपतीत आरतीनंतर त्यांनी एक प्रश्न टाकला. ‘‘सप्तशृंगी गडाच्या घाटात दोन गाड्या अरुंद जागी समोरासमोर आल्या. एक चढतेय, एक उतरतेय. वाट कुणाची?’’

‘‘मोठी गाडी असेल त्याची,’’ तळमजल्यावरचा इंजिनीअर म्हणाला.

‘‘ज्याने आधी लाइट मारला त्याची,’’ दुसरा म्हणाला.

‘‘एमएच-१५ ची,’’ तिसरा म्हणाला, आणि त्याला टाळ्या मिळाल्या.

चढणाऱ्याची असते, हे मामांनी सांगितल्यावर सगळ्यांनी प्रसादाकडे मोर्चा वळवला. गोल चौकात आधीपासून आत असलेल्याला वाट द्यायची, हे सांगेपर्यंत तर मंडपात कुणी उरलं नव्हतं. माझ्या मनात तेव्हापासून एक कल्पना घोळते आहे. प्रत्येकाचं लायसन्स दहा वर्षांतून एकदा, काही गुन्हा नसताना, मानाने निलंबित करावं. हारतुरे देऊन वर्गात बसवावं. टेम्पोवाल्यासारख्यांची त्या दिवसांची मजुरी सरकारने भरावी, आणि शिकवायलाही त्यांनाच ठेवावं. मामांच्या मते कल्पना चांगली आहे, पण प्रस्ताव योग्य मार्गाने सादर व्हायला हवा.

त्यांनी स्वतः मात्र प्रस्तावाची वाट पाहिली नाही. आमच्या सोसायटीच्या फाटकातून गाड्या थेट रस्त्यावर उसळतात, आणि समोरच शाळा आहे. मामांनी पदरचे पैसे घालून पेंटरकडून एक पत्रा रंगवून घेतला. पांढरा त्रिकोण, लाल किनार, टोक खाली. बाहेरच्या वाहतुकीला आधी वाट द्या, या अर्थाचा. एका रविवारी सकाळी शिडी लावून तो फाटकाच्या खांबावर चार स्क्रूंनी बसवला, दोन पावलं मागे जाऊन बघितला, आणि मामींनीही बघून ‘‘बरोबर आहे’’ म्हटलं.

सोमवारी टोक वर होतं. सेक्रेटरींनी रात्री वॉचमनला शिडीवर चढवून स्वतः खाली टॉर्च धरला होता. ‘‘नाना, पेंटरने उलटा लावला होता बघा,’’ ते म्हणाले, ‘‘मी सरळ करून घेतला. चार लोक बघतात, बरं दिसत नाही.’’

सेक्रेटरींचं लायसन्स २०३३ पर्यंत वैध आहे.